रॉकेल, ओली पाटी आणि वाइनचा पेला

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, तिघं जण त्यावरच बोलणार आहेत. तुला मनापासून आवडतं असं काहीतरी सांग." मी म्हटलं, मला हल्ली वाइन चाखायला आवडतं, आणि कुठल्या जेवणाबरोबर कुठली चांगली लागेल हे लोकांना सांगायला त्याहून जास्त आवडतं. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग विचारणा झाली, "सर आणि बाई पहिल्या रांगेत बसणार आहेत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. तरी बोलायचं ठरवलं, कारण या विषयात मी जी चूक केली ती याच शाळेत एकदा करून झालेली होती. ते पुढे सांगतेच.

शाळेच्या आवारात वाइन आणलेली नाही, काळजी नसावी. तुमच्यासमोरच्या ताटलीत आहे ते इतकंच: एक कप कोरा चहा, मुद्दाम जास्त उकळलेला, साखर न घातलेलं लिंबाचं पाणी, थोडे खारे दाणे, चीजचा एक तुकडा आणि एक पेढा. मी सांगेपर्यंत हात लावू नका. पेढा खाल्लेले दोघं मला इथून दिसताहेत.

आधी एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर ती मधेमधे येत राहील. माझा धाकटा मामा दारूनं गेला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल, शाळेच्या फाटकासमोर त्याचं सायकलचं दुकान होतं. गेला तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. त्यानंतर आमच्या घरात 'पिणं' हा शब्द पाणी आणि चहा सोडून कशालाही लागला नाही. मी स्वतः सदतीस वर्षांची होईपर्यंत थेंबाला शिवले नव्हते. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की मद्याचं कुठलंही प्रमाण प्रकृतीला सुरक्षित म्हणता येत नाही. रेड वाइन हृदयाला चांगली असते वगैरे जे फिरत असतं ते बाजूला ठेवा. जे घेत नाहीत त्यांनी माझं ऐकून सुरू करू नये. हे बोलणं जे अधूनमधून घेतातच त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांची मुलं युरोपात आहेत, ज्यांना तिथे गेल्यावर जेवताना ती लांबलचक यादी हातात देतात आणि काय बोलावं कळत नाही, त्यांच्यासाठी.

मी मानहाइमजवळ राहते. ऱ्हाइन नदी ओलांडली की फाल्त्स नावाचा प्रांत लागतो आणि द्राक्षमळे सुरू होतात, आपल्याकडे उसाचे फड लागतात तसे. ऑफिसातल्या लोकांबरोबर जेवायला गेलं की त्यांची अर्धी चर्चा त्या यादीवर. मी कितीतरी वर्षं सोडा घातलेला सफरचंदाचा रस पीत त्यांच्यात बसत होते. (तो रस फार छान असतो. अजूनही मी बहुतेक वेळा तोच मागवते.) तिथे गावोगावी प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालतात: भाषा, शिवणकाम, योगासनं, आणि वाइन. सहा मंगळवारांचा वाइनचा वर्ग होता. माझं जर्मन सुधारेल असं कारण नवऱ्याला सांगून मी नाव घातलं.

पहिल्या दिवशी टेबलावर लहान लहान बादल्या दिसल्या. चाखणारी माणसं वाइन तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात, हे मला तिथे कळलं. मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही. म्हणजे हे चव बघण्याचं काम होतं. आमटी उतरवण्याआधी आई पळीतून हातावर थेंब घेऊन बघायची, तसं.

तिसऱ्या मंगळवारी दहा-बारा वर्षं जुनी रीसलिंग समोर आली. रीसलिंग हे जर्मनीचं मानाचं द्राक्ष. १४३५ सालच्या एका जमाखर्चात, रुसेल्सहाइममध्ये, त्याची पहिली लेखी नोंद सापडते. पेला नाकाशी नेला आणि मला आमचं जुनं स्वयंपाकघरच दिसलं: वातीचा स्टोव्ह, पत्र्याचा डबा, नरसाळं. स्वच्छ रॉकेलचा वास! मला वाटलं, पेला नीट धुतलेला नसणार, नाहीतर बाटली खराब झालेली असणार. किंवा माझंच नाक असल्या गोष्टींसाठी घडलेलं नाही. प्रत्येकानं कागदावर वास लिहायचे होते. शेजारच्या बाईंनी लिहिलं होतं: हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पांढरी फुलं. मीही तेच लिहिलं.

मग शिकवणाऱ्यांनी विचारलं, "पेट्रोलियम कुणाकुणाला आलं?" चार हात वर झाले. माझा नाही. त्यांनी सांगितलं की जुन्या रीसलिंगची ही ओळखच आहे. द्राक्षातल्या पिवळ्या रंगद्रव्यांपासून वर्षानुवर्षांत एक द्रव्य तयार होतं, त्याचा हा वास. ज्या द्राक्षांना ऊन जास्त मिळतं त्यांच्यात तो अधिक. काहींना तो मनापासून आवडतो, काहींना बिलकूल नाही. मी खाली मान घालून माझ्या कागदावरची पांढरी फुलं बघत बसले.

बाई, तुम्हांला बहुतेक आठवत नसेल. नववीत पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग होता. थर्मामीटर ९८ वर येऊन थांबला आणि हलेना. मी गाइडमध्ये बघून वहीत १०० लिहिलं. तुम्ही वही बघितलीत आणि विचारलंत, "पारा कुठे होता?" मी म्हटलं, ९८ वर. तुम्ही लाल पेननं १०० खोडलंत आणि म्हणालात, "मग ९८ लिही. आपलं गाव समुद्रसपाटीला नाही, घाटावर आहे." माझं उत्तर बरोबर होतं असं मला कित्येक दिवस वाटत होतं, आणि तुमचा रागही आला होता. वीस-बावीस वर्षांनी, परक्या देशात, परक्या भाषेत मी पुन्हा गाइडमधलंच उत्तर लिहिलं होतं.

हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्यांचं होतं असंही नाही. बोर्दोच्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन गंध नसलेला लाल रंग घालून दिली होती. २००१ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी जे सांगितलं ते नाकानं मान्य केलं. त्यामुळे यापुढे कुणी पेला फिरवून "यात मला काळ्या करवंदांचा आणि चामड्याचा भास होतोय" असं म्हणालं तर घाबरून जाऊ नका. कदाचित त्याला खरंच येत असेल. तुम्हांला काय येतंय ते तुम्ही सांगा.

आता तो चहा घ्या. एकच घोट, लगेच गिळू नका, तोंडात फिरवा. जीभ आवळली? गालाच्या आतून कोरडं वाटलं? तेच 'तुरट'. रेड वाइनच्या वर्गात शिकवणाऱ्यांना ही भावना समजावायला बराच वेळ गेला, लोक तिला कडू म्हणत होते, आंबट म्हणत होते. आपण जांभळं, आवळे, कच्ची केळी खाऊन मोठे झालो, सहा रस पाठ केले, आपल्याला तो शब्द आयता आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, चहातही त्याच जातीची द्रव्यं असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडाचं वंगण जातं. रेड वाइन सालींसकट आंबवतात म्हणून ती तुरट, व्हाइट वाइनचा रस आधीच गाळून घेतात म्हणून तिच्यात हे फारसं नाही.

आता चीज चावून खा आणि पुन्हा चहा घ्या. मऊ झाला ना? प्रथिनं आणि स्निग्धपणा मिळाला की टॅनिनचा जोर कमी होतो. चहात दूध घालतो तेव्हा हेच होतं. इटलीत फ्लोरेन्सला कोळशावर भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा आणि शेजारी कियांती, ही जोडी यावरच उभी आहे. कियांतीमधल्या सांजोव्हेजे द्राक्षात तुरटपणाही आहे आणि आंबटपणाही, त्यामुळे टोमॅटोच्या रश्श्यालाही ती चालते.

पुढे. लिंबाचं पाणी एक घोट. मग चार दाणे खाऊन पुन्हा एक घोट. आंबटपणा उतरला. मिठानं ते होतं. आता पेढा, आणि परत लिंबाचं पाणी. हे चेहरे कुणीतरी फोटोत घ्या! गोड पदार्थानंतर आंबट वाइन अशीच फाडून खाते. म्हणून गोडाबरोबर द्यायचीच असेल तर पदार्थापेक्षा वाइन गोड हवी, नाहीतर देऊ नये. लग्नसमारंभात केकबरोबर कोरडी शॅम्पेन देतात ते मला आजही कळलेलं नाही. चवीपेक्षा फोटोसाठी असावं.

राहिलं तिखट. ते मी ताटलीत ठेवलं नाही, त्याचा धडा मी घरीच घेतलाय. टीममधल्या सहा जणांना मी मटणाचा तांबडा रस्सा करून घातला. आपलं जेवण, आपला मान, म्हणून वाइनही भारी आणली: दोन वर्षांची बोर्दो, चौदा टक्के अल्कोहोल, माझ्या बजेटच्या तिप्पट किमतीची. मी सगळ्यांना तिचं वर्णनही सांगितलं, दुकानदारानं सांगितलेलं तसंच्या तसं. पहिल्या घासानंतर सगळे लाल झाले. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना 'भाजलं' असं सांगतं, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. आगीत रॉकेल. वर टॅनिन, तेही तिखटासमोर अधिकच कडवट होतं. सगळे सभ्य होते, "इंटरेसांट" म्हणत राहिले, आणि जर्मन माणूस जेवताना 'इंटरेसांट' म्हणाला की समजून घ्यावं. शेवटी एकानं हळूच विचारलं, "बिअर आहे का?" घरात बिअर नव्हती. ताक होतं. ताकाचं पातेलं रिकामं झालं.

पुढच्या वर्षी तोच रस्सा, तेच सहा जण. या वेळी मोझेल खोऱ्यातली कॅबिनेट रीसलिंग, साडेआठ टक्क्यांची, थोडी गोड, भरपूर आंबट, फ्रीजमधून थंडगार. बाटलीची किंमत मागच्या वेळच्या पावपट. कुणी इंटरेसांट म्हणालं नाही, सगळ्यांनी पुन्हा वाढून घेतलं. रस्साही आणि ताकही.

ती बाटली दुकानात कशी ओळखायची ते सांगते, कारण जर्मन लेबलं वाचताना भले भले गोंधळतात. १९७१ च्या कायद्यानं तिथल्या चांगल्या वाइनच्या पायऱ्या ठरवल्या: कॅबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे आणि त्यापुढच्या. ही उतरंड तोडणीच्या वेळी द्राक्षरसात किती साखर होती त्यावर आहे, बाटलीत किती उरली त्यावर नाही. त्यामुळे श्पेटलेझे गोडही असू शकते आणि कोरडीही. कोरडीवर बहुधा 'ट्रोकन' लिहितात, म्हणजे लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. काहीच लिहिलं नसेल तर कोपऱ्यातला अल्कोहोलचा आकडा बघा. दहावीचं रसायनशास्त्र आठवा: यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल होतं. म्हणून साधारण आठ टक्के दिसले तर समजायचं, आंबवणं मधेच थांबवलंय, गोडी शिल्लक आहे. साडेबारा दिसले तर बहुतेक सगळी साखर संपली. ही युक्ती जर्मन रीसलिंगपुरती, ती पोर्ट वाइनला लावू नका. पोर्टमध्ये बाहेरून द्राक्षाची ब्रँडी घालून आंबवणं थांबवतात, तिथे अल्कोहोलही भरपूर आणि साखरही.

लोक मला विचारतात, जोड्यांचे नियम काय? मला तरी असं दिसलंय की जुन्या जोड्या कुणी ठरवलेल्या नाहीत. जिथे जे पिकलं तिथल्यांनी ते शेजारी शेजारी ठेवलं आणि पिढ्यानपिढ्या दोन्ही एकमेकांना जुळवून घेत गेले, भाकरी आणि पिठल्यासारखे. फ्रान्समध्ये ल्वार नदी समुद्राला मिळते तिथे कालवं खातात आणि तिथलीच म्युस्काडे पितात, हलकी, आंबट, जरा खारट वाटणारी. लिंबू पिळायचं काम तीच करते. फ्रांकेन भागात वसंतात पांढरी शतावरी येते, तिच्याबरोबर तिथली झिल्व्हानर, शांत, फारसा वास नसलेली. शतावरी फार लाडावलेली भाजी आहे, तिच्यासमोर मोठ्यानं बोलणारी वाइन चालत नाही. २४ जूनला शतावरीची तोडणी थांबते, मग वर्षभर आठवण.

आणि आमच्या फाल्त्समध्ये सप्टेंबरात फेडरवायसर मिळते. ती अर्धवट आंबलेली, गढूळ, अजून फसफसणारी. तिच्याबरोबर कांद्याचा गरम खारा केक. ही वाइन बाटलीतही आंबत असते म्हणून तिचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, गॅस निघून जावा म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाटली पिशवीत आडवी ठेवून ट्राममध्ये बसले. लॅपटॉप त्याच पिशवीत होता. ऑफिसच्या हार्डवेअर विभागाला मी कारण 'द्रव सांडला' इतकंच लिहिलं.

आपल्याकडचा एक दुवा यात आहे. गोव्याचा विंदालू मूळचा पोर्तुगीज, वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. 'विन्यु' म्हणजे वाइन हे त्या नावातच आहे. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, मिरच्या आल्या, आणि पदार्थ आपला झाला. त्याच्याबरोबर तुरट रेड वाइन घेऊ नका, बाकी काहीही घ्या. आणि नाशिकची चालेल का, असं ज्यांना विचारायचंय त्यांना: तिथे जी शेनिन ब्लांक होते ते द्राक्ष मूळचं ल्वार खोऱ्यातलंच आहे. चाखा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

आई दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन राहिली. तिला मी या वर्गाबद्दल सांगितलं नव्हतं. तिला ते कागद सापडले, जर्मनमधले, पण पेल्यांची चित्रं होती. रागावली नाही. म्हणाली, "शिकतेस तर शीक. पण रोज घरात ठेवू नकोस." मी ठेवत नाही. पाहुणे यायचे असले की आणते, उरली की स्वयंपाकात जाते.

त्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि मोझेलची बाटली उघडलेली होती. तिथले मळे नदीवर उभ्या डोंगरांत आहेत, इतके उभे की कामगार दोर धरून चढतात, आणि माती म्हणजे काळ्या-करड्या खडकाच्या कपच्या. आई ओट्याशी उभी होती. मी म्हटलं, पिऊ नकोस, फक्त वास घेऊन सांग. तिनं पेला हातात धरला नाही, मीच धरला. ती वाकली, डोळे मिटले. म्हणाली, "लिंबाची साल. तांदूळ धुतलेलं पाणी." थोडं थांबून, "आणि पाटी. ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी."

तिथली माणसं या वासाला शीफर म्हणतात. आपली पाटी ज्या दगडाची असायची तोच हा दगड. दगडाचा वास मुळांतून वाइनमध्ये उतरतो हे शास्त्रज्ञांना मान्य नाही, खनिजांना असा वास नसतो, आणि तो नेमका कशामुळे येतो यावर वाद आहेत. पण वास येतो. वर्गात हा शब्द आम्हांला चौथ्या मंगळवारी शिकवला होता. आईला तो शिकवावा लागला नाही. ९८ ला ९८ म्हणाली.

मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मामाच्या शर्टाला यायचा तो वास असा नव्हता." एवढंच. कोथिंबीर चिरायला घेतली. मी बाटलीला बूच लावून ती फ्रीजमध्ये ठेवली. त्या रात्री पाहुण्यांना वाइन दिली, मी स्वतः सफरचंदाचा रस घेतला.

आज दुपारी जेवायला भरीत-भाकरी, मिरचीचा ठेचा आणि जिलेबी आहे असं कळलंय. मघापासून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत: याच्याबरोबर कुठली वाइन? भरताबरोबर थोडी गोडसर रीसलिंग चालली असती. ठेच्याबरोबर काहीही नाही, मठ्ठा घ्या. जिलेबीसमोर टिकेल अशी वाइन हंगेरीत मिळते, टोकाय नावाची, पण तिच्या एका बाटलीत आपल्या सगळ्यांची जिलेबी येईल.

कोऱ्या चहाचे कप बाहेरच्या बादलीत ओता, झाडांना नको. दूध घातलेला गरम चहा वऱ्हांड्यात तयार आहे, असा निरोप आलाय.